एक आवाज मागं

१

कारखान्याचा आठचा भोंगा झाला की केसरबाई ओसरीवर पोतं अंथरायची, सुपात ज्वारी घ्यायची आणि पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवायची. साडेआठला फोन वाजायचा. हिरवं दाबायचं, तांबडं दाबायचं नाही. नातीनं तिला एवढंच शिकवलं होतं, आणि सत्तरी उलटलेल्या बाईला तेवढं पुरत होतं.

नात तेजश्री. लेकाची, बिभीषणाची, एकुलती एक. कड्यात, म्हणजे गावातच, शाळा शिकली, नगरला कॉलेज केलं, मग घरात बसून कॉम्प्युटरवर कसलासा कोर्स केला आणि परदेशातल्या लेकरांना इंग्रजी शिकवायची नोकरी धरून विमानात बसली. त्या देशाचं नाव केसरबाईच्या जिभेवर कधी बसलं नाही. पूर्वेला कुठंतरी. विमानातून उतरलं की बोट, बोटीतून उतरलं की डोंगर आणि डोंगरावर शाळा. वर्षभर सोडून यायचं नाही अशी कागदावर सही दिलेली. इथं केसरबाई न्याहरी करायची तेव्हा तिथं दुपार व्हायला आलेली असायची.

फोनमध्ये आधी तेजूचं तोंड दिसायचं. "आजी, जेवलीस का?"

"एवढ्या सकाळी कोन जेवतंय बाई? तू जेवलीस का ते सांग. वाळायलीस."

पाच मिनिटं असं चालायचं. मग तिकडं घंटा व्हायची आणि तेजू फोन टेबलावर तसाच उभा ठेवून शिकवायला लागायची. एक वस्तू हातात धरायची, तिचं इंग्रजी नाव घ्यायची, आणि समोरची लेकरं ते एका सुरात म्हणायची. राखाडी कपड्यातली चाळीस लेकरं. केसरबाई ज्वारी निवडत ऐकत बसायची. तिला ते नवं नव्हतं. शाळा तिच्या परसाला लागूनच होती. तेजू लहान असताना पाढ्यांचा गलका चालला की केसरबाई चुलीपाशी बसून बरोबर ओळखायची. सगळा वर्ग 'बे दुणे चार' म्हणून मोकळा व्हायचा, आणि मग एक बारका आवाज, एकटाच, मागून यायचा, 'चार.' ती तेजू. कायम एक शब्द मागं. सुनिता, तिची आई, हसून म्हणायची, "आत्याबाई, तुमची नात मालगाडी हाय." आता तीच मास्तरीण झाली होती.

आठव्या-नवव्या दिवशी तेजू म्हणाली, "आजी, ही लेकरं तुला रोज बघतेत. तुझं बोलणं ऐकायचंय म्हनतेत."

"मला काय इंग्रजी येती का?"

"आपलंच बोल की. कायबी."

दारात येऊन मागणाऱ्या लेकराला नाही म्हणू नये, ही केसरबाईची उभ्या जन्माची रीत. तिनं फोन एका हातात धरला, दुसऱ्या हातानं तांब्या उचलून पुढं केला आणि म्हणाली, "तांब्या."

"तांब्या," चाळीस तोंडं म्हणाली.

असं स्वच्छ, की कड्यातच जन्मलीत. केसरबाई एवढी हसली की सुपातली ज्वारी मांडीवर सांडली.

२

मग रोज एक शब्द द्यायचा हे ठरूनच गेलं. केसरबाईनं सूप दिलं, उखळ दिलं, पोतेरं दिलं. अंगणातली शेळी फोनपुढं धरून शेळी दिली. लेकरं म्हणायची आणि गप्प व्हायची. हसायची नाहीत, एकमेकांना कोपरानं ढोसायची नाहीत. केसरबाईला वाटायचं, किती वळणाची लेकरं, नाहीतर आपल्याकडची माकडं.

तांब्या दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तेजू म्हणाली होती, "आजी, तुझा फोन कलतोय. तो कशाला टेकवलाय बघ की जरा. त्या... त्या पाण्याच्या ह्याला."

"तांब्याला."

"हां. त्याला."

"मडम झाली बघा! तांब्या इसरली!" केसरबाईनं तिची टर उडवली. तेजूही हसली. पण तिनं तो शब्द काही तोंडातून काढला नाही.

पोतेरं दिलं, दुसऱ्या दिवशी तेजूला पोतेरं आठवेना. शेळी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात शेळी ओरडली, तर तेजू विचारते, "आजी, कशाचा आवाज आला?"

केसरबाईनं सुनेला सांगितलं. सुनिता भाकरी थापत होती. "तिथं मराठी बोलायला कोनबी न्हाई आत्याबाई. जीभ वळती तशी आठवन वळती. माजी मावशी सुरतंला दिली, ती न्हाई का इसरली?"

ते खरं होतं. मावशी विसरली होती. पण मावशीला वीस वर्षं लागली होती.

त्याच दुपारी परसातून शाळेतले पाढे ऐकू आले. केसरबाई पडल्या पडल्या ऐकत होती, आणि एकदम उठून बसली. इतके दिवस मनात काहीतरी खुपत होतं ते तिला सापडलं. इथली पोरं एका सुरात म्हणतात म्हणजे काय, एक पुढं पळतं, एक मध्येच खोकतं, एक मागं राहतं. फोनमधली चाळीस लेकरं एकदम तोंड उघडत होती आणि एकदम मिटत होती. त्यांच्यात मागं राहणारं एकही नव्हतं.

आणि तो सूर. तांब्या म्हणताना शेवटी जरा ओढायचं, हे कड्यात सगळे करत नाहीत. तेजू करायची.

३

म्हातारीला वाटलं, आपलीच बुद्धी फिरली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला कधी कधी एकाचे दोन दिसायचे. कानालाही तसंच काही झालं असेल. पण केसरबाई माल पारखून घेणारी बाई. तिनं पारखायचं ठरवलं.

शिंकं हा शब्द आता घरात कोण घेतं? छताला टांगलेलं, दुधाचं गाडगं मांजरापासून वर ठेवायचं शिंकं. फ्रीज आल्यापासून ते नुसतं लोंबकळत होतं. सकाळी घंटा व्हायच्या आधी तिनं फोन वर करून दाखवला. "तेजू, हे काय हाय गं?"

"शिंकं की. त्यातली साय मी चोरून खायची, तू मांजराला मारायचीस."

"बरूबर." केसरबाईचा जीव भांड्यात पडला.

मग घंटा झाली. लेकरं बसली. तेजूनं फोन त्यांच्याकडं फिरवला आणि केसरबाईनं तोच शब्द त्यांना दिला. शिंकं. त्यांनी घेतला. तास संपल्यावर तेजूचं तोंड परत फोनपुढं आलं, तेव्हा केसरबाईनं परत छताकडं फोन केला.

"हे काय हाय?"

तेजू बघत राहिली. "दोरी?" ती म्हणाली.

"साय चोरून खायचीस त्यात."

"कवा?"

नुसता शब्द गेला नव्हता. शब्दाला टांगलेलं गाडगंही गेलं होतं, साय गेली होती, मांजर गेलं होतं.

तिच्या तोंडून निघून गेलं, "तेजू, माघारी ये गं माय. सही गेली चुलीत. उद्याच्या उद्या माघारी ये."

तेजूच्या डोळ्यात पाणी आलं. ती काही बोलणार, तेवढ्यात तिच्या पाठीमागं, घंटा झाल्यावरही जागचं न हललेल्या वर्गातून, हळूच, एका श्वासात आलं.

"माघारी."

दुसऱ्या दिवशी केसरबाईनं हाच विषय काढला. तेजूनं नीट ऐकून घेतलं. मग कपाळाला आठी घालून तिनं विचारलं, "आजी, माघारी म्हंजी?"

४

पुढचे काही दिवस केसरबाई तिला विनवत राहिली, आणि त्या विनवण्यांतले शब्दही एकेक करून गेले. बिभीषणाला सांगितलं, तर तो गिरणीतून पिठानं पांढरा होऊन आलेला, आधीच दमलेला. "माय, कायबी काय बोलायलीस? लेकरं शब्द खातेत? शब्द का भुईमुगाच्या शेंगा हायत?"

"तू फोन लावून बघ तिला."

त्यानं संध्याकाळी लावला, चार माणसं ओसरीवर असताना. तेजूनं उचलला. तोंड बारीक झालं होतं, पण बोलायला लागली आणि थांबेचना. सगळं इंग्रजी. फाडफाड, धबधब्यासारखं. मध्येच हात जोडत होती, मध्येच स्वतःच्या छातीला हात लावून तेच तेच सांगत होती. तिचा आवाज चढत गेला.

ओसरीवर कुणालाच कळत नव्हतं. पण सगळ्यांच्या तोंडावर कौतुक. बिभीषणाचा जोडीदार सुंदरराव म्हणाला, "बिभीषणा, जिंकलास बे! पोरगी साहेब झाली. एकबी शब्द मराठी न्हाई!"

"येस, येस," बिभीषण फोनला म्हणत होता. डोळे पुसत होता. "व्हेरी गुड, बाळा. व्हेरी गुड."

तेजू बोलायची थांबली. ती बापाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच मान खाली घातली, आणि फोन बंद झाला.

"रेंज गेली," बिभीषण म्हणाला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

५

केसरबाई भिंतीपलीकडं अजमतबीकडं गेली. दोघी एका वयाच्या. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन अजमतबीनं सगळा आष्टी तालुका पायाखाली घातलेला. तिनं सगळं ऐकलं, पानाचा तुकडा तोंडात तसाच धरून. केसरबाईच्या मनाला ते बरं वाटलं, कारण ती हसली नाही.

"किती लफ्ज दिलेस केसर?"

"म्हैना झाला. रोज एक. वर बोलता बोलता गेलेले येगळे."

"आता देऊ नको."

"दिलेले?"

अजमतबी उठून दाराबाहेर थुंकून आली आणि बसता बसता आवाज बारीक करून म्हणाली, "ते नाव तर न्हाई ना दिलंस? आपलं?"

ते नाव तिघींनाच माहीत होतं, या दोघींना आणि तेजूला. तेजूच्या आधी दोन लेकरं गेली होती, एक बाराव्या दिवशी, एक पाचवी पुजायच्या आधी. तिसरी झाली तेव्हा सुनिता तापानं बेशुद्ध होती. केसरबाईनं पोरीला सुपात घातली, उकिरड्यावर नेऊन ठेवली आणि मागं न बघता घरी आली. अजमतबीनं ती उचलली आणि शेरभर कोंड्याच्या बदल्यात केसरबाईला विकली. विकत घेतलेल्या लेकरावर कुणाची नजर जात नाही. वरतून नाव ठेवलं कडू. कडू घास कुणी तोंडात घालत नाही. पुढं शाळेत तेजश्री नाव लागलं, आईबापानंही तेच धरलं. ते कडू फक्त केसरबाईनं जपलं. ताप चढला की पोरीच्या कानात म्हणायची, उतरायचा. चार वर्षांची असताना पोरगी आडाच्या काठाकडं चालत सुटली होती. तेजू म्हणून दहा हाका मारल्या, थांबली नाही. कडू म्हणल्याबरोबर पाय जागच्या जागी खिळले.

"न्हाई दिलं," केसरबाई म्हणाली. "मेले तरी न्हाई देणार."

"मरायची काय जरूरत? तोंड बंद ठेव, बस. जिंदगीभर आपल्याला तेवढंच न्हाई जमलं."

दोघी हसल्या, पण थोड्याच.

६

तीन दिवस केसरबाईनं तोंड उघडलं नाही. फोन लागायचा, ती तो तांब्याला टेकवायची आणि बघत बसायची. न उचलावा, तर पोरगी दिसायची कशी?

पहिल्या दिवशी तेजू टेबलापाशी उभी होती. हात हलवला. इंग्रजीत काहीतरी म्हणाली, तेही अडखळत. वर्ग बसला होता. चाळीस तोंडं अर्धी उघडी. वाट बघत. त्यातलं एकही पापणी मिटत नव्हतं. केसरबाईनं ओठ दाताखाली धरले.

दुसऱ्या दिवशी तेजू नुसती उभी होती.

तिसऱ्या दिवशी टेबलापाशी ती नव्हतीच. तिच्या जागी एक लेकरू उभं होतं, हातात छडी, आणि ते फळ्यावर चिकटवलेली चित्रं दाखवत होतं. केसरबाई फोनला नाक लागेपर्यंत वाकली. तेजू कुठंय? बारक्या डोक्यांच्या रांगा. आणि शेवटच्या बाकावर, त्या बारक्या डोक्यांत, एक मोठं डोकं. राखाडी सदरा खांद्यावर ताणून उसवायला आलेला. गुडघे बाकात मावत नव्हते म्हणून अंग आडवं वळवलेलं.

लेकरानं छडी चित्रावर ठेवली. "तांब्या," ते कड्याच्या बोलीत म्हणालं.

शेवटच्या बाकावरची पोरगी त्याच्या ओठांकडं बघत होती. काहीच न कळणाऱ्या माणसानं बघावं तसं.

"शेळी." "सूप." "शिंकं." आणि मग छडी हळूहळू फिरली आणि थेट केसरबाईवर येऊन थांबली.

"ही कोन हाय?" लेकरानं विचारलं.

तेजूनं वर बघितलं. केसरबाईला वाटलं, आता. आता ओळखील. पोरीची नजर तिच्या तोंडावरून फिरली, कपाळावरच्या गोंदणावरून, गळ्यातल्या डोरल्यावरून, आणि तशीच पुढं गेली. एसटीत समोरच्या बाकावर बसलेल्या बाईवरून जाते तशी.

लेकरानं छडी खाली ठेवली. ते शेवटच्या बाकापाशी गेलं, तिचं बोट धरलं, आणि ती उठली. मुकाट. वर्गाच्या मागच्या भिंतीला एक दार होतं. आजवर त्यावर तक्ता टांगलेला असायचा. आता ते उघडं होतं. आत अंधार नव्हता. आत बाकं होती, बाकांमागं बाकं, आणि त्यांवर माना खाली घालून बसलेली मोठी माणसं. एकाचे केस पिवळे. एका बाईचे पांढरेफेक. सगळ्यांच्या अंगावर राखाडी सदरे, आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं.

तेजूनं उंबऱ्याकडं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

आता केसरबाईला अजमतबीचं सांगणं आठवलं नसेल असं नाही. आठवलं. पण आडाच्या काठाला गेलेल्या लेकरामागं बाईचा जीव धावतो, तिची अक्कल मागून येते.

"कडू!" ती किंचाळली. "कडू गं!"

पोरीचे पाय जागच्या जागी खिळले. ती वळली. आणि केसरबाईनं बघितलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की पोरीच्या तोंडावर ओळख आली, दिवा लावल्यासारखी. ओठ उघडले. 'आजी' म्हणायला उघडतात तसे.

"कडू," चाळीस तोंडं म्हणाली.

एका श्वासात. कडू घास सगळ्यांनी मिळून घेतला आणि तोंडं मिटली. दिवा विझला. लेकरानं परत तिचं बोट ओढलं.

फोन काळा व्हायच्या आधी केसरबाईला आणखी एक आवाज ऐकू आला. सगळ्यांच्या मागून, एकटा, बारका. अवघड परका शब्द पहिल्यांदाच जिभेवर ठेवावा तसा.

"क... डू?"

७

दुसऱ्या दिवशी केसरबाई अंथरुणातून उठली नाही. साडेआठला फोन सुनितानं उचलला, आणि तिचं हसणं ओसरीवरून आत आलं. बिभीषण गिरणीला निघालेला, तो चप्पल पायात घालता घालता थांबला.

"माय, ऊठ! बघ तरी! म्हनं शब्द खाल्ले!" तो फोन घेऊन आत आला. "कशी बोलायली बघ. आपल्यापेक्षा झ्याक!"

फोनमध्ये तेजूचं तोंड होतं. भरलेलं, तुकतुकीत. डोळे उघडे, आणि ते मिटत नव्हते.

"आजी, अशी का झोपलीस? तांब्यातलं पाणी पी. शेळीला चारा टाकला का? सूप कुठं ठेवलंस? शिंकं अजून लोंबतंय का छताला?"

ज्या क्रमानं दिले होते, जवळजवळ त्याच क्रमानं.

"सही रद्द झाली म्हनती," बिभीषण आनंदानं सांगत होता. "शाळेनंच सोडली तिला. येत्या सोमवारी घरी! आन ऐक, संग शाळेतली दोन-तीन लेकरं आणती म्हनं, कडा दाखवायला. आपल्या इथल्या शाळेत बसतील म्हनती चार दिस."

सुनिता पदरानं तोंड पुसत उंबऱ्यात उभी होती. "अन् आत्याबाई, मगा मला म्हनली, आजीला सांग कडू येती माघारी. ही कडू कोन हो?"

केसरबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण फोनमधलं तोंड तिच्या ओठांकडं टक लावून बघत होतं.

परसातून शाळेच्या प्रार्थनेचा गलका सुरू झाला. एक पुढं पळालं, एक खोकलं, एक मागं राहिलं.

"येते मी माघारी," फोनमधलं तोंड म्हणालं, शेवट जरा ओढत.

"आन मागं कोन गं तुझ्या?" बिभीषणानं कौतुकानं विचारलं. "कोनतरी तुझ्यामागून म्हनतंय."

"हाय एकजण. नवीन हाय," ते तोंड म्हणालं. "लई मागं पडतंय."

आणि त्याच्या पाठीमागून, मागच्या भिंतीतल्या त्या दारापलीकडून, एक शब्द उशिरानं, एकटाच, आला.

"मा... घारी."